वाळा की गवती चहा? सोसायटीच्या उतारावर वाळ्याची ओळ कशी धरावी

ओवळेकर

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीमागे डोंगर कापून उरलेला मातीचा उतार आहे. लांबी १८ मीटर, उभी उंची ४ मीटर. वर मुरूम, खाली पिवळट माती, मधूनमधून दगड. दर पावसाळ्यात त्यातली माती खाली येते आणि पार्किंगमागचं गटार तुंबतं. काही सभासदांना सिमेंटचा थर मारून हवाय, काहींना वाळा लावायचाय. नर्सरीतून ‘खस’ (वाळ्याचंच दुसरं नाव) म्हणून नमुन्याची एक जुडी आणली आहे.

तीन प्रश्न. ही जुडी वाळ्याचीच आहे हे कसं ओळखायचं? लावायचा तर किती ठोंब लागतील, किती अंतरावर आणि कधी लावायचे? आणि बी पडून तो डोंगरभर पसरणार नाही ना? मागे लगेच येऊरचं जंगल सुरू होतं, म्हणून विचारतोय.

रानवेल

नाव बाजूला ठेवा, ठोंब हातात घ्या. तुरा नसताना वाळा आणि गवती चहा लांबून एकच वाटतात, त्यामुळे ‘खस’ म्हणून गवती चहा सहज गळ्यात पडतो.

आधी पातं चुरगळून वास घ्या. लिंबाचा वास आला की तो गवती चहा, पुढे बघायची गरज नाही. वाळ्याच्या पात्याला नुसता हिरव्या गवताचा वास येतो, सुगंध सगळा मुळात.

मग बुंधा. वाळ्याचा फुटवा तळाशी चपटा असतो. पात्यांची आवरणं दोन्ही बाजूंनी एकात एक बसलेली असतात, म्हणून बुंधा अर्धवट उघडलेल्या पंख्यासारखा दिसतो. चिमटीत धरून फिरवून पाहा, गोल फिरत नाही, कडेला अडतो. गवती चहाचा बुंधा गोल, मांसल, पांढरट, कधी जांभळट झाक असलेला; तो चिमटीत सहज फिरतो.

वाळ्याचं पातं ४ ते १० मिलिमीटर रुंद, ताठ, मधल्या शिरेवर घडी पडलेलं. गवती चहाचं त्याहून रुंद, निळसर हिरवं, शेंड्याकडे वाकून लोंबणारं. पात्याची धार दोघांचीही हात कापते, तिच्यावरून काही ठरवू नका.

मुळाचा वास शेवटी घ्या. जून मूळ धुऊन मोडलं की ओल्या मातीचा गोडसर दरवळ येतो. कोवळ्या ठोंबाच्या जारव्याला (बारीक तंतुमुळांना) तो फार मंद असतो, म्हणून वास आला नाही एवढ्यावर ठोंब बाद करू नका. जमिनीलगत आडवे धावणारे धुमारे दिसले तर मात्र तो वाळा नव्हे. वाळा एका जागी बेट धरतो.

नेरूळची_मावशी

गवती चहाच निघाला तर पुढच्या मीटिंगच्या चहाची सोय झाली म्हणायची :)

तृणपाती

रानवेल, चपट्या बुंध्यावर एवढा भर नको. कुसळी गवताचाही बुंधा चपटा असतो आणि ती या सगळ्या डोंगरउतारांवर जागोजाग आहे. फरक पात्याच्या टोकात बघा. कुसळीचं टोक बोथट, होडीच्या नाळेसारखं वर उचललेलं; वाळ्याचं टोक निमुळतं होत जातं. उंचीही बघा. कुसळी साधारण मांडीपर्यंत, वाळा दीड ते दोन मीटर. पावसाळ्यानंतर तर शंकाच उरत नाही: कुसळीची काळपट कुसळं एकमेकांत पिळून त्यांचा गुंता होतो, वाळ्याच्या तुऱ्याला कुसळ जवळजवळ नसतंच. वाळ्याचा तुरा जांभळट, मधल्या दांड्याच्या पेरापेरावर बारीक फांद्यांचं कडं. भिंग असेल तर कणिशिका (तुऱ्यातले फुलांचे बारीक घटक) जोडीने दिसतील, एक बिनदेठाची, एक देठाची, आणि त्यांच्या पाठीवर बारीक काटेरी उठाव.

ठाणे-नवी मुंबईत आणखी तिघं फसवतात.

गिनी गवत. आफ्रिकेतून आलेलं, रस्त्याच्या कडेला आणि रिकाम्या प्लॉटवर माजलेलं. आवरणावर लव असते, तुरा मोकळा आणि फिसकारलेला, दाणे बारीक. हे चुकूनही उतारावर लावू नका. बी उधळतं, आणि उन्हाळ्यात वाळलं की वणव्याला आयतं जळण.

रोशा गवत. पात्याचा तळ बदामाच्या आकाराचा, खोडाला मिठी मारून बसलेला. चुरगळलं की गुलाबाकडे जाणारा वास.

लव्हाळा. हे गवतच नव्हे. खोड बोटांत फिरवलं की तीन कडा लागतात आणि मधे पेर सापडत नाही.

माती_मुरूम

ओळख पटली असं धरून लागवडीचं सांगतो.

ठोंबांचा हिशोब. तीव्र उतारावर दोन ओळींत १ मीटर उभं अंतर ठेवायचं. उभं म्हणजे पातळीतला फरक, उतारावरून टेप टाकून मोजलेलं नव्हे. तुमच्या ४ मीटरला पायथा आणि माथा धरून ५ ओळी. ५ गुणिले १८ म्हणजे ९० मीटर. ओळीत दर १५ सेंटिमीटरला एक ठोंब, म्हणजे ६०० ठोंब. नांग्या (मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा) भरायला दहा टक्के वर धरा, ६६० मागवा. अंतर वाढवून पैसे वाचवायला जाऊ नका. दोन ठोंबांत ३० सेंटिमीटरची फट राहिली तर सगळं पाणी तिथेच गोळा होतं आणि ओळ नसती तर पडली नसती एवढी खोल घळ पडते.

ओळ सरळ नको, समपातळीत हवी. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घ्या, १० मीटरची पुरते. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. तो काढूनच सुरुवात करा. दर दोन मीटरला खुंटी, खुंट्यांना सुतळी, सुतळीखाली चर.

ठोंब तयार करताना जुनं बेट कुऱ्हाडीने किंवा धारदार कोयत्याने फोडा, हाताने उपटून नव्हे. एका ठोंबात दोन ते तीन फुटवे. पात्यं २० सेंटिमीटरवर छाटा, मुळं १० सेंटिमीटरवर. बुंध्याभोवतीची वाळकी आवरणं सोलून टाका, त्यात किडे आणि बुरशी दडते. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा.

चर १५ ते २० सेंटिमीटर खोल. तळाला शेणखत आणि दर मीटरला मूठभर डीएपी खत, वर मातीचा थर, मग ठोंब. बुंधा मूळ बेटात जेवढा गाडलेला होता त्याहून दोन बोटं खोल. पायाने घट्ट दाबा. मुळाभोवती पोकळी राहिली की ठोंब वरून आठवडाभर हिरवा दिसतो आणि मग एकदम वाळतो.

वेळ: पाऊस बसला की, साधारण १५ जून ते १५ जुलै. उतार फार उभा असेल तर नागडे ठोंब नकोत. मार्च-एप्रिलमध्ये पिशव्यांत लावून ठेवा आणि दोन-अडीच महिन्यांचं रोप पहिल्या पावसात उतारावर न्या. ठाण्यात एकाच रात्री शंभर-दीडशे मिलिमीटर पडू शकतो, त्याला नुकताच लावलेला ठोंब टिकत नाही. ओळींच्या मधल्या उघड्या मातीवर पहिल्या वर्षी काथ्याची किंवा ज्यूटची जाळी खुंट्यांनी ठोका. ती कुजेपर्यंत वाळा पकड घेतो.

सह्यकडा

सगळे वाळ्याच्याच मागे का? मुरमाड उतारावर आपोआप येणारी कुसळी, मारवेल, पवना ही गवतं फुकट आहेत आणि याच डोंगरांची आहेत. वाळा ओढ्याकाठच्या, दलदलीच्या जमिनीतला. खारघर आणि पारसिकच्या टेकड्यांवर ‘हरित’ म्हणून वाळा, बांबू, वड एकत्र खड्ड्यात घालणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. उघडा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे.

रानवेल

माळाबद्दल शंभर टक्के सहमत. शाबूत गवताळ टेकडीवर वाळा नेऊन लावायचं काहीच कारण नाही. पण ओवळेकरांचा उतार माळ नाही, जेसीबीने कापलेली भिंत आहे. तिथे वरची जिवंत माती गेलेली आहे. कुसळीची मुळं उथळ थर छान बांधतात, पण कापलेल्या उभ्या मातीला खोलवर शिवायला ती अपुरी पडतात. वाळ्याचं मूळ आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं, आणि जमीन मोकळी असेल तर पहिल्या वर्षातच तीन मीटरपर्यंत पोचू शकतं. मुळांची सरासरी ताणशक्ती ७५ मेगापास्कलच्या आसपास मोजलेली आहे, साध्या पोलादाच्या साधारण एक षष्ठांश. मिलिमीटरभर जाडीच्या मुळाला हे फार झालं.

ही नवी टूमही नाही. कर्नाटकात गुंडलूपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा लावत आलेत. फिजीत १९५० च्या दशकात उसाच्या मळ्यांतली धूप अडवायला तो वापरला, आणि १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी हीच पद्धत भारतात पुन्हा पुढे आणली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वाळ्याचे दोन प्रकार. उत्तरेकडचा रानटी प्रकार भरपूर फुलतो आणि बी धरतो. दक्षिणेकडचा लागवडीतला प्रकार क्वचित फुलतो आणि त्याला रुजणारं बी जवळजवळ येत नाही. जगभर धूप थांबवायला नेलेला वाळा याच वंशाचा. तुम्हाला हाच हवा. मातृबेट दाखवा म्हणावं. जुन्या बेटाभोवती दोन-तीन फुटांत बियांपासून उगवलेली बारीक रोपं दिसली तर तिथून घेऊ नका. जंगलाला लागून आहात म्हणून आणखी एक काळजी: पहिली दोन वर्षं ऑक्टोबरमध्ये जो तुरा येईल तो उमलायच्या आत कापा.

सह्यकडा

कापलेल्या भिंतीसाठी मान्य. मग निदान ओळींच्या मधली जागा तरी इथल्या गवतांना द्या. मारवेल ठोंबाने लागतो, पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं त्यावरून ओळखा. ३० सेंटिमीटरवर एक ठोंब पुरे.

कुसळीचं बी नोव्हेंबरमध्ये गोळा करा, पण लगेच पेरू नका. ताजं बी सहा महिने ते वर्षभर झोपलेलं असतं. कोरड्या पिशवीत ठेवून पुढच्या पावसाच्या तोंडाशी ओलसर माती आणि शेणात कालवून फेका. कुसळं तोडायची नाहीत. हवेतला दमटपणा वाढला की कुसळ उलगडतं, कोरडं पडलं की पुन्हा पीळ घेतं, आणि या फिरण्याने बी स्वतःला जमिनीत खुपसतं. तळहातावर एक बी ठेवून कुसळाला पाण्याचा थेंब लावा, ते फिरताना दिसतं. मुलांना जरूर दाखवा.

स्थापत्य_५६

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. वाळा वरची दीड-दोन मीटर माती धरतो. त्याखालून अख्खा कडा सरकत असेल तर कुठलंही गवत तो थांबवत नाही. माथ्याला समांतर भेगा, पायथ्याला फुगवटा, संरक्षक भिंतीला पोट आलेलं, झाडं किंवा विजेचे खांब कललेले, यातलं एक जरी दिसलं तरी आधी भू-तांत्रिक अभियंत्याला दाखवा. लागवड नंतर.

सिमेंटच्या थरावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी: थराच्या मागे पाणी साचलं की दाब वाढतो आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. करायचाच तर पाणी निघायला भोकं आणि मागे गाळणी हवीच. गवत लावा किंवा थर मारा, माथ्यावरून येणारं पाणी बाजूला वळवणारा पक्का चर पहिल्या दिवशी लागतो. बरीच धूप तिथेच थांबते.

गच्चीतली_बाग

थोडं विषयांतर. माठात टाकायला घरचा वाळा हवा असेल तर कुंडीत होतो का?

माती_मुरूम

होतो, पण कुंडी उथळ नको. मुळं तळाला पोचली की गोल फिरून गुंता करतात आणि काढताना तुटतात. ६ इंची पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा तुकडा उभा चिरा, दोन्ही अर्धे तारेने बांधून उभे करा, तळाला जाळी लावा. भरायला निम्मी जाड वाळू, बाकी माती आणि कंपोस्ट समान. माती जास्त घातली तर मुळं धुताना जीव जातो. असा पाइप ओला असताना तीसेक किलोचा होतो, बाल्कनीला झेपतो. २०० लिटरचं पिंप मात्र ओल्या मातीने ३०० किलोच्या वर जातं. स्लॅबचा विचार करूनच ठेवा, आणि बाहेर काढलेल्या ग्रिलवर तर मुळीच नको.

सहा तास थेट ऊन हवं. पंधरा ते अठरा महिन्यांनी, थंडीत, माती कोरडी असताना तारा सोडा, पाइप उघडा, मुळं बुंध्याजवळ कापा. वाहत्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, कडक उन्हात वास उडतो. बुंध्याचे फुटवे पुन्हा त्याच पाइपात लावता येतात. माठात बोटाएवढ्या जाडीची जुडी पुरे. दर दोन-तीन दिवसांनी काढून धुऊन वाळवायची, नाहीतर बुळबुळीत होते.

रानवेल

यात एक इशारा जोडा. वाळा जमिनीतलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक शोषून बहुतेक मुळातच साठवतो. म्हणून नाल्याकाठच्या, पार्किंगलगतच्या, भरावावरच्या वाळ्याचं मूळ माठात कधीच टाकू नका. प्यायच्या पाण्यासाठी स्वच्छ मातीतलाच वाळा. आणि उतारावरचा वाळा मुळांसाठी खणायचा नाही. एक बेट काढलं की ओळीला भगदाड पडतं.

खाडीकाठ

आमचा प्लॉट पाम बीच रोडकडचा, खाडीवरच्या भरावाचा. माती खारट. इथे वाळा टिकेल?

माती_मुरूम

माती तपासून विद्युत वाहकता (खारटपणाचं माप) बघा. मीटरला ८ डेसिसीमेन्सपर्यंत वाढ फारशी घटत नाही. २० च्या आसपास ती निम्म्यावर येते, तरी बेट जगतं. लावताना मात्र गोडं पाणी हवं. पावसाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वरचं मीठ धुऊन गेल्यावर, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला लावा. भरतीचं पाणी रोज चढतं त्या पट्ट्यात हे गवत नकोच. ती तिवरांची जागा, तिथे हात लावायचा नाही.

ओवळेकर

जुडी सोडून एकेक फुटवा तपासला. निम्म्याहून जास्त गोल बुंध्याचे, चुरगळल्यावर लिंबाचा वास. उरलेले चपटे, चिमटीत अडतात, टोक निमुळतं, वास नाही. म्हणजे मिसळ आहे. नर्सरीवाल्याला मातृबेट दाखवायला सांगितलंय. माथ्यावर भेगा नाहीत, भिंत सरळ आहे. समितीने वरच्या चराला मंजुरी दिली.

आता एकच अडचण. उतार पूर्वेला तोंड करून आहे आणि खालच्या दोन ओळींवर बी विंगची सावली दुपारी बारानंतर पडते. चालेल?

तृणपाती

सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर चालेल, बेट भरायला एक हंगाम जास्त लागेल. वाळा दुष्काळ, पूर, वणवा सगळं सोसतो, कारण त्याचा फुटण्याचा कोंब जमिनीखाली असतो. सावली मात्र सोसत नाही. दिवसभराच्या सावलीत तो विरळ होत जातो आणि दोन-तीन वर्षांत ओळ तुटते. खालच्या ओळींत अंतर १० सेंटिमीटर करा. मधे गुलमोहर, रेन ट्री असलं काही लावू नका, चार वर्षांनी तेच वाळ्याचं ऊन खाईल.

माती_मुरूम

१० सेंटिमीटर केलंत तर खालच्या दोन ओळींचे ३६ मीटर म्हणजे ३६० ठोंब, वरच्या तीनचे ५४ मीटर म्हणजे ३६०. एकूण ७२०, नांग्यांसकट ७९० धरा.

लावल्यावर तीन आठवड्यांनी पहिली फेरी मारून मेलेले ठोंब बदला. ऑगस्टनंतर भरलेली नांगी मागे पडते आणि फट राहते. पहिली छाटणी तीन-चार महिन्यांनी, जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर. त्याने फुटवे वाढतात. पुढे वर्षातून दोनदा: पावसाच्या आधी एकदा, ऑक्टोबरमध्ये तुऱ्यासकट एकदा. कापलेली पात्यं ओळीच्या वरच्या अंगाला आडवी टाका, गाळ तिथे अडतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, दुसऱ्यापासून गरज नाही. गुरं येत असतील तर पहिलं वर्ष कुंपण घाला, कोवळी पात्यं त्यांना आवडतात.

ओवळेकर

छाटणीला गवत कापायचं मशिन चालेल की विळाच हवा?

माती_मुरूम

ब्रश कटर चालतो, पण नायलॉनच्या दोरीचा नको, ती पात्यं फाडते. लोखंडी पातं लावा. कापणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि चष्मा द्या, आणि उतारावर त्याला माथ्यावरून दोर बांधा.